सरकारी संगणक : घेताना स्वस्त, टाकताना महाग

मुरबाड तालुक्यात म्हसा येथे पौष पौर्णिमेला जत्रा भरते. ठाणे जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला तिथला बैलबाजार नव्याने सांगायला नको. बैल घ्यायला आलेला माणूस आधी जनावराभोवती दोन फेऱ्या मारतो. दात पाहतो, खूर पाहतो, थोडे चालवून पाहतो. खातो किती, औताला कसा, मारका तर नाही ना, असे दहा प्रश्न विचारतो. गोठ्यात जागा आहे का आणि वैरण पुरेल का, हा हिशेब त्याने घरून निघतानाच केलेला असतो. किमतीची गोष्ट सर्वांत शेवटी.

हाच माणूस उद्या गावचा सरपंच होतो. ग्रामपंचायतीला संगणक घ्यायचा असतो. भाऊसाहेब तीन दरपत्रके पुढे ठेवतात. ज्याचा आकडा सर्वांत लहान, त्याच्यावर सही होते. यंत्र वीज किती खाणार, किती वर्षे चालणार, बिघडले तर तालुक्याला दुरुस्त होणार की नाही, आणि मेल्यावर त्याची विल्हेवाट कोण लावणार, यातले एकही विचारले जात नाही. बैलाचे दात पाहणारा माणूस संगणकाच्या बाबतीत मात्र फक्त किंमत पाहतो. यात सरपंचाचा दोष नाही. खरेदीची पद्धतच तशी पडून गेली आहे. जिल्हा परिषदेपासून मंत्रालयापर्यंत बहुतेक ठिकाणी तोच रिवाज.

सांगायचा मुद्दा असा, की सरकारी कार्यालयांतला संगणक हा आता पर्यावरणाचा प्रश्न झाला आहे आणि तो भंगारात सुटणार नाही. तो सोडवायचा असेल तर खरेदीच्या कागदावरच सोडवावा लागेल.

माळ्यावरची यंत्रे

मध्यंतरी जिल्ह्यातल्या एका निमसरकारी कार्यालयात जुन्या कागदासाठी जाण्याचा योग आला. कागद माळ्यावर होता. शिपाई शिडी लावून वर गेला, मागोमाग मीही गेलो. वर पाहतो तो काय, जुने मोठ्या पोटाचे मॉनिटर एकावर एक रचलेले. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी. यूपीएसच्या फुगलेल्या बॅटऱ्या, त्यातली एक पाझरून खालच्या फळीवर पांढरट डाग पडलेला. पावसाळ्यात तिथे छप्पर गळते, हे भिंतीवरून दिसतच होते.

"हे किती दिवसांचे?" मी विचारले.

"मी लागायच्या आधीपासूनचे," शिपाई म्हणाला. "जडसंग्रहात नोंद आहे ना साहेब, म्हणून टाकता येत नाही. आणि टाकायचं म्हटलं तर कुणाला द्यायचं, ते कुणी सांगत नाही."

त्या माणसाने दोन वाक्यांत सगळे सांगून टाकले. सरकारी वस्तू नोंदवहीत चढली की तिचे निर्लेखन होईपर्यंत ती जिवंत असते. ग्रामपंचायतीत ती नमुना १६ च्या नोंदवहीत बसते. निर्लेखनासाठी प्रस्ताव, तपासणी, किंमत ठरवणे, मंजुरी. या खटाटोपात पडण्यापेक्षा माळा बरा. मग कधीतरी नवे साहेब येतात, जागा हवी असते, एकदम सगळ्याचा लिलाव निघतो. भंगारवाला वजनावर बोली लावतो. जास्त बोली त्याला माल. ऑडिटचा आक्षेप नको म्हणून पावती जपून ठेवतात. माल कुठे गेला हे मात्र कोणी विचारत नाही, कारण पावतीवर तो रकानाच नसतो.

पेटीत असते काय?

जुन्या काचेच्या मॉनिटरमध्ये आकाराप्रमाणे किलो-दोन किलो शिसे असू शकते. पडद्याच्या किरणांपासून माणसाला जपण्यासाठी ते काचेतच मिसळलेले असते. नंतर आलेल्या पातळ पडद्यांपैकी जुन्या बनावटीच्या पडद्यांत उजेडासाठी बारीक नळ्या असत, त्यांत पारा. यूपीएसच्या बॅटरीचे निम्म्याहून अधिक वजन शिशाचे, शिवाय आत गंधकाम्ल. सर्किटच्या पाटीवर शिशाचे डाग, प्लॅस्टिकमध्ये आग विझवणारी रसायने, वायरीवर पीव्हीसी.

यंत्र टेबलावर असेतो यातले काहीच त्रास देत नाही. त्रास सुरू होतो तो ते फोडल्यावर. तांबे काढायला वायर जाळली की पीव्हीसीचा विषारी धूर निघतो. पाटीवरचे सोने काढायला आम्ल वापरतात आणि उरलेले आम्ल गटारात जाते. हे काम बिनहातमोज्याने करणारी माणसे गरीब असतात. त्यात बाया असतात, पोरे असतात. लहान मुलांच्या रक्तात शिसे गेले तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो आणि ते नुकसान भरून येत नाही, हे वैद्यकशास्त्राने केव्हाच सांगितले आहे.

हे झाले मरणानंतरचे. जन्माची गोष्ट आणखी वेगळी. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ मध्ये हिशेब मांडला होता. त्या काळचा एक संगणक १७ इंची मॉनिटरसह तयार करायला सुमारे २४० किलो इंधन, २२ किलो रसायने आणि दीड हजार किलो, म्हणजे दीड हजार लिटर पाणी लागत होते. आज यंत्रे बदलली, आकडेही बदलले असतील, पण गोष्ट तीच आहे. लॅपटॉपसारख्या यंत्राचा पर्यावरणावरचा बराचसा भार ते कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वीच पडलेला असतो. भातसा आणि तानसाचे पाणी मुंबईला पाजणाऱ्या शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर लागतात. दीड हजार लिटर पाण्याची किंमत तिथल्या बाईला समजावून सांगावी लागत नाही.

यातून निघणारा अर्थ सरळ आहे. जो संगणक ८ वर्षे चालतो तो ४ वर्षे चालणाऱ्या संगणकाच्या जवळजवळ निम्म्याच नुकसानीत काम करतो. म्हणून सर्वांत हिरवा संगणक कोणता, तर जो लवकर बदलावा लागत नाही तो.

शहराचा कचरा, गावाची वेस

हे गावाच्या पानावर कशाला, असे कोणी विचारील. उत्तर आपल्या जिल्ह्याच्या नकाशावर आहे. कल्याणच्या आधारवाडीचे कचऱ्याचे डोंगर वर्षानुवर्षे धुमसत राहिले. ते मैदान २०२१ मध्ये बंद झाले. ठाणे शहराचा कचरा आधी दिव्यात पडत होता. २०२२ मध्ये तो १४ गावांतल्या भंडार्लीत आणला गेला, तेव्हा गावकरी रस्त्यावर उतरले. शहर वाढते, जागा संपते, मग नजर गावाकडे वळते. हा आपला आजवरचा अनुभव आहे.

ई-कचऱ्याचे तसे मोठे मैदान दिसत नाही. तो गोण्यांतून जातो, टेम्पोतून जातो, पत्र्याच्या गोदामात उतरतो. शिळफाट्याच्या आणि भिवंडीच्या बाजूच्या भंगार गोदामांना आगी लागल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. आत काय काय जळाले, हे कोण मोजतो? तो धूर आजूबाजूच्या गावांनी घ्यायचा. पाऊस पडला की गोदामामागची माती नाल्यात, नाला खाडीत. उल्हास, वालधुनी, काळू या नद्यांच्या काठी राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. उल्हासचेच पाणी पुढे लाखो लोक पितात.

गंमत पाहा. नवा संगणक खोक्यात बंद होऊन भिवंडीच्या गोदामांसारख्या ठिकाणांहून निघतो, कल्याण-ठाण्याच्या कार्यालयात चार-पाच वर्षे काढतो आणि मेल्यावर पुन्हा तसल्याच पत्र्याखाली येऊन पडतो. त्याचे सुख कार्यालयाने घेतले, त्याचा नफा विकणाऱ्याने घेतला आणि धूर आला गावाच्या वाट्याला.

संगणक आले कसे?

संगणकीकरण वाईट, असे मला म्हणायचे नाही. उलट या बाबतीत आपला जिल्हा राज्याच्या पुढे होता. कल्याण-डोंबिवली महापालिकेने २००० सालाच्या आगेमागे नागरी सुविधा केंद्र आणि संगणकीकृत कारभार उभा केला. पुढे राज्यातल्या इतर नगरपालिकांपुढे तो नमुना म्हणून ठेवला गेला. जन्माच्या दाखल्यासाठी चार खेटे घालणाऱ्या माणसाचे त्यातून भले झाले, हे नाकारता येणार नाही.

गावांकडे लाट आली ती २०११ मध्ये, 'संग्राम' या नावाने. संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र. राज्यातल्या सुमारे २८ हजार ग्रामपंचायतींपर्यंत संगणक नेण्याची ती योजना. २०१६ पासून तिची जागा 'आपले सरकार सेवा केंद्रा'ने घेतली. सातबारा संगणकावर गेला, फेरफार ऑनलाइन झाले, महसूल कर्मचाऱ्यांच्या हाती लॅपटॉप आले.

शाळाही मागे राहिल्या नाहीत. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड या शिक्षकाने डिजिटल वर्ग उभा केला. ते पाहायला लांबून शिक्षक आले. पाड्यावरच्या पोरांना पडद्यावर जग दिसू शकते, हे त्या शाळेने दाखवले आणि त्यानंतर राज्यात 'डिजिटल शाळा' हा परवलीचा शब्द झाला. लोकवर्गणीतून, वित्त आयोगाच्या निधीतून, कंपन्यांच्या देणगीतून शाळाशाळांत यंत्रे आली.

आता वर्षे मोजा. २००० ची यंत्रे मेली तेव्हा देशात ई-कचऱ्याचा स्वतंत्र नियमच अमलात नव्हता. पहिला नियम २०११ मध्ये झाला आणि १ मे २०१२ पासून लागू झाला. यंत्रात शिसे, पारा, कॅडमियम किती असावे याची मर्यादा आली २०१४ मध्ये. म्हणजे 'संग्राम'च्या पहिल्या यंत्रांवर आपल्या देशात ती मर्यादा नव्हती. ती यंत्रे आता दहा वर्षांच्या पुढे गेली. डिजिटल शाळांच्या पहिल्या फळीचीही तीच गत. एकट्या ठाणे जिल्ह्यात, पालघर वेगळा झाल्यानंतरही, चारशेहून अधिक ग्रामपंचायती आहेत. त्यात शाळा, आरोग्य केंद्रे, पंचायत समित्या, तहसील, महापालिकांची प्रभाग कार्यालये मिळवा. माळ्यावरचा आकडा किती होईल, ज्याचा त्याने अंदाज करावा.

त्यात नवी भर पडली आहे. ज्या विंडोज १० वर आपली बहुतेक कार्यालये चालत आली, तिचा नेहमीचा आधार कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. पुढची विंडोज ११ साधारण २०१८ च्या आधीच्या बहुतेक यंत्रांना चालत नाही. यंत्र धडधाकट, फक्त कंपनी म्हणते नवे घ्या. दर मार्चअखेरीला निधी संपवण्याची घाई आपल्याकडे असतेच. त्यात हे निमित्त मिळाले, तर चालती यंत्रे माळ्यावर जातील आणि नवी खोकी उतरतील. म्हणून हा विषय आत्ताच बोलायला हवा.

नियम आहे, पण फट आहे

सध्याचा नियम २०२२ चा, १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेला. त्याप्रमाणे ज्या संस्थेकडे वर्षात कधीही एक हजार किंवा त्याहून अधिक विद्युत-इलेक्ट्रॉनिक वस्तू असतील, ती मोठी ग्राहक. तिने आपला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारा किंवा पुनर्वापर करणारा यांनाच द्यायचा. भंगारवाल्याला नाही.

आधीच्या २०१६ च्या नियमात सरकारी खात्यांचा थेट उल्लेख होता. आता हजाराची मोजणी आली. महापालिका, जिल्हा परिषद यांची वेगवेगळी कार्यालये एकत्र धरली तर आकडा सहज हजारापुढे जावा. पण एकटी ग्रामपंचायत? तिच्याकडे दोन संगणक, एक प्रिंटर, चार पंखे. ती हजारात कुठून बसणार? आणि शाळेचे काय? ज्याची त्याची वही वेगळी, म्हणून ज्याची त्याची मोजणी वेगळी. अशा रीतीने थेंब थेंब सगळे सुटून जाते. तळे साचले आहे, पण कागदावर ते कुणाचेच नाही.

दुसरी फट उत्पादकाच्या बाजूला आहे. माल बनवणाऱ्याने ठरावीक प्रमाणात ई-कचऱ्याचा पुनर्वापर घडवून आणायचा, ही जबाबदारी नियमात आहे. ती तो पुनर्वापर करणाऱ्याकडून प्रमाणपत्र विकत घेऊनही पुरी करू शकतो. ते प्रमाणपत्र कुठल्या शहरातल्या कुठल्या मालाचे, याच्याशी मुरबाडच्या माळ्यावरच्या मॉनिटरचा संबंध येईलच असे नाही. तो मॉनिटर खाली उतरवायचा असेल तर घेतानाच विक्रेत्याशी तसे बोलून घ्यावे लागेल. बैल घेताना दाव्यासकट की दाव्याशिवाय, हे आपण बोलून घेतोच ना?

मडके आणि तारा

सरकारने ठरवले तर काय होते, याचे एक उदाहरण परदेशातले आणि एक आपले.

अमेरिकेत १९९२ मध्ये कमी वीज खाणाऱ्या संगणकांसाठी 'एनर्जी स्टार' नावाची खूण सुरू झाली. कंपन्यांवर सक्ती नव्हती. १९९३ मध्ये तिथल्या अध्यक्षांनी आदेश काढला, की सरकारी कार्यालयांनी संगणक घेताना हीच खूण असलेले घ्यावेत. जगातला सर्वांत मोठा संगणकाचा गिऱ्हाईक तो. त्याने अट घातल्यावर कंपन्या धावत आल्या. काही वर्षांत ती खूण सगळीकडे दिसू लागली. पुढे २००६ मध्ये 'ईपीट' नावाची यादी आली. तिच्यात विजेबरोबर विषारी द्रव्ये, दुरुस्तीची सोय, यंत्र परत घेण्याची सोय हेही पाहिले जाऊ लागले. २००७ मध्ये तिथल्या सरकारने आपल्या खात्यांना या यादीतूनच संगणक घ्यायला सांगितले.

आता आपले. भारत सरकारने पर्यावरणाला जपणाऱ्या मालासाठी 'इकोमार्क' ही खूण काढली १९९१ मध्ये. म्हणजे अमेरिकेच्या त्या ताऱ्याच्याही आधी. चिन्ह किती सुंदर निवडले पाहा, मातीचे मडके. मातीतून आले, मातीत जाईल, मागे घाण ठेवणार नाही. पण हे मडके किती मालावर दिसले? आठवून पाहा. खूण काढणाऱ्या सरकारने खरेदीला गेल्यावर दुकानदाराला कधी विचारलेच नाही, की मडक्याचे आहे का. गिऱ्हाईक विचारत नाही, तर व्यापारी कशाला खर्च करील? शेवटी २०२४ मध्ये या योजनेचे नियम नव्याने करावे लागले.

दोन्हींत अक्कल सारखीच होती. फरक पडला तो एका ओळीच्या आदेशाने.

"सर्वांत कमी दर" म्हणजे काय?

याला हमखास येणारे उत्तर असे, की "साहेब, नियमाप्रमाणे सर्वांत कमी दरवाल्याला द्यावे लागते. जास्तीचे घेतले तर ऑडिट पकडेल."

हे अर्धे खरे आहे. नियम असा, की अटी पूर्ण करणाऱ्यांतल्या सर्वांत कमी दरवाल्याला द्यायचे. अटी कोण लिहितो? खरेदी करणाराच लिहितो. रस्त्याच्या निविदेत खडीची जाडी आपण लिहितोच. पाण्याच्या टाकीत सिमेंटची प्रत लिहितोच. तेव्हा कोणी म्हणत नाही, की कमी खडीवाला स्वस्त होता. मग संगणकाच्या निविदेत प्रोसेसर आणि मेमरीच्या खाली आणखी चार ओळी लिहायला कोणाची बंदी आहे? केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांत तर विजेची उपकरणे घेताना तारांकित, कमी वीज खाणारी घ्या असे कलमच आहे. सरकारी खरेदीच्या 'जेम' या ऑनलाइन बाजारात जुने देऊन नवे घेण्याची, म्हणजे बायबॅकची सोयही आहे. वाट आहे, चालणारा हवा.

आणि पैशाचाच हिशेब करायचा तर तोही करू. टेबलावरचा साधा संगणक पडद्यासह साधारण १०० वॅट घेतो असे धरू. लॅपटॉप किंवा छोट्या डब्याएवढा संगणक ४० वॅटमध्ये भागतो. फरक ६० वॅटचा. दिवसाला ८ तास, वर्षाला २५० दिवस, म्हणजे वर्षाला १२० युनिट. ९ रुपये युनिट धरले तर १,०८० रुपये. ७ वर्षांत साडेसात हजार. चारशे ग्रामपंचायतींत एकेकच यंत्र धरले तरी वर्षाला ४८ हजार युनिट. दरपत्रकावर दोन हजारांनी स्वस्त दिसलेले यंत्र प्रत्यक्षात महागात पडते ते असे. पण वीजबिल वेगळ्या फायलीत, खरेदी वेगळ्या फायलीत. दोन्ही फायली एका टेबलावर कधी येतच नाहीत.

शिवाय आपल्याकडे मुरबाड-शहापूरच्या आतल्या गावांत पावसाळ्यात वीज जाते, येते, दाब वरखाली होतो. त्यात यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते. लॅपटॉपला यूपीएस लागत नाही, वीज गेली तरी दाखला निघतो. कमी वीज खाणारे यंत्र छोट्या सौर पॅनेलवरही चालू शकते. म्हणजे पर्यावरणाचे जे भले, तेच गावच्या सोयीचे.

काय करता येईल?

फार मोठे काही मागायचे नाही. जिल्हा परिषद आणि महापालिका यांनी ठराव करून करण्यासारख्या या गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट, नवे घेण्याआधी जुने तपासा. बरीच यंत्रे मेलेली नसतात, फक्त मंद झालेली असतात. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली, मेमरी वाढवली, तर नव्या यंत्राच्या किमतीच्या लहानशा हिश्शात ते आणखी तीन-चार वर्षे पळते. विंडोज ११ चालत नसेल तिथे लिनक्स घालता येते. केरळच्या सरकारी शाळांतले संगणक वर्षानुवर्षे मुक्त प्रणालीवरच चालतात. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने 'बॉस' ही मराठी चालणारी प्रणाली केव्हाच तयार केली आहे. डिजिटल सहीचे टोकन किंवा ठसे घेणारे यंत्र अशा ठिकाणी अडू शकते, हे मान्य. मग ती कामे नव्या यंत्रावर ठेवा, आणि टंकलेखन, पत्रव्यवहार, शाळेतला वर्ग जुन्यावर चालवा.

दुसरी गोष्ट, निविदेत चार ओळी घाला. वीज किती खाते ते लिहून द्या. ५ वर्षांची हमी आणि तेवढ्या काळ सुटे भाग द्या. मेमरी आणि डिस्क बदलता यावी, चिकटवलेली नको. आयुष्य संपल्यावर यंत्र आमच्या कार्यालयातून तुम्ही परत न्या आणि नोंदणीकृत ठिकाणी दिल्याचे प्रमाणपत्र आणून द्या. पाचवी ओळ घालायची तर मडक्याच्या किंवा तत्सम खुणेला प्राधान्य, एवढीच.

तिसरी गोष्ट, वही एक करा. ग्रामपंचायत एकटी हजारात बसत नाही, पण जिल्हा परिषदेने तालुकावार यादी मागवली तर बसेल. वर्षातून एक दिवस ठरवा. त्या दिवशी पंचायत समितीच्या आवारात प्रत्येक गावाने आणि शाळेने आपली मेलेली यंत्रे आणावीत. त्याच आवारात निर्लेखनाची समिती बसावी, सह्या व्हाव्यात आणि नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याच्या गाडीत माल चढावा. लिलावच करायचा असेल तर बोली लावणाऱ्याकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोंदणी हवी, ही अट पहिली. त्याआधी हार्ड डिस्कमधली माहिती पुसावी, कारण त्यात गावाचे आधार क्रमांक आणि बँक खाती असतात. बॅटऱ्या वेगळ्या काढाव्यात, त्यांचा नियमही २०२२ पासून वेगळा आहे.

चौथी गोष्ट, मान द्या. राज्यात २०२० पासून 'माझी वसुंधरा' अभियान चालू आहे, गावांना आणि शहरांना गुण मिळतात. झाडे लावल्याचे फोटो आपण पाठवतोच. त्यात गावाने जुने यंत्र किती वर्षे चालवले आणि मेलेले कुठे दिले, यालाही ठळक गुण असावेत.

याला खर्च येईल, हे खरे. पाच वर्षांच्या हमीचे यंत्र दरपत्रकावर थोडे महाग दिसेल. परत न्यायची अट घातली की विक्रेता वाहतुकीचे पैसे आत धरील. गरीब ग्रामपंचायतीला हे जड जाईल, म्हणून हा भार जिल्हा परिषदेने एकत्रित खरेदीतून हलका केला पाहिजे. चारशे ठिकाणी चारशे दरपत्रके घेण्यापेक्षा एकदा चारशे यंत्रांची मागणी केली, तर विक्रेता अटही ऐकतो आणि दरही उतरवतो. मात्र आज न भरलेले पैसे वाचत नाहीत. ते शिळफाट्याकडच्या धुरातून, वालधुनीच्या पाण्यातून, गोदामात काम करणाऱ्या पोराच्या रक्तातून वसूल होतात.

जगात २०२२ या एका वर्षात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निघाला आणि त्यातला चौथा हिस्साही रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद नाही, असे संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो. त्या डोंगरात आपल्या माळ्यावरचे मॉनिटर खिजगणतीत नाहीत. पण आपल्या ओढ्याला ते पुरेसे आहेत.

ग्रामसभेत आपण रस्ता विचारतो, घरकुल विचारतो, नळ विचारतो. या खेपेला एक प्रश्न जादा विचारू. भाऊसाहेब, ग्रामपंचायतीचा जुना संगणक कुठे आहे आणि नवा घेताना त्याच्या मरणाचे काय ठरवले? प्रश्न साधा आहे. पण तो दहा गावांत विचारला गेला तर पंचायत समितीत पोचेल, पन्नास गावांत विचारला गेला तर जिल्हा परिषदेच्या निविदेत उतरेल.

म्हशाच्या बाजारात दात न पाहता बैल आणणाऱ्याला गाव हसते. सरकारी पैशाने, म्हणजे आपल्याच पैशाने, यंत्र आणताना ते दात पाहायला आपण शिकलो, तर पुढच्या पिढीला माळ्यावर चढून ही मढी मोजावी लागणार नाहीत.